परमुलुखांतील वकिलाचें अभय

मुंबईच्या पूर्वेस, खाडीपलीकडे न्हावा-शेवा आहे. तेथील मोठें बंदर १९८९ पासून चालू असून देशोदेशींचीं जहाजें तेथें लागतात. परमुलुखांत आलेल्या व्यापाऱ्याचें व त्याच्या वकिलाचें रक्षण कोणत्या नियमानें व्हावें, हा प्रश्न मात्र त्या बंदराहून फार जुना आहे.

तुर्की सुलतानांनीं त्याचें उत्तर सनदांनीं दिलें. इंग्रजांना पहिली सनद १५८० मध्यें मिळाली. पुढील सनदांतून कॉन्सलास, म्हणजे परकी व्यापाऱ्यांच्या वकिलास, कैद करूं नये, त्याच्या घरास मोहोर लावूं नये आणि त्याच्यावरील दावे इस्तंबूलच्या दरबारांतच चालावेत, अशीं कलमें आलीं.

कोंकणांत असें कोणतेंही कलम ठरलेलें नव्हतें. १६६० मध्यें राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनीं पन्हाळ्याच्या वेढ्यांत सिद्दी जौहरच्या बाजूनें तोफा डागल्या. व्यापाऱ्यानें शस्त्र धरलें, तेव्हां त्याचें अभय सरलें. पुढच्याच वर्षीं शिवाजी महाराजांनीं राजापूरची वखार लुटून रेव्हिंग्टन व त्याचे सोबती कैद केले. त्यांची सुटका १६६३ त झाली.

१६७४ त राज्याभिषेकाच्या समयीं हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून रायगडास आला. त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाष्या होता. राजापूरच्या नुकसानीबद्दल १० हजार होन, राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथें वखारी आणि शेंकडा अडीच जकात, या मागण्या महाराजांनीं मान्य केल्या. दोन बाबतींत मात्र त्यांनीं हात आखडता घेतला. इंग्रजी नाणें त्याच्या खऱ्या मोलानेंच चालेल, असें त्यांनीं सांगितलें. वादळानें किनाऱ्यास लागलेलीं गलबतें व माल परत करण्यास तर त्यांनीं नकारच दिला. तें कोंकणच्या रिवाजाविरुद्ध होतें. शिवाय इंग्रजांस दिलें तर फ्रेंच व डचही तेंच मागतील, हें त्यांनीं ओळखलें होतें.

ही दूरदृष्टि किती मोलाची होती, तें तुर्कस्थानच्या पुढील इतिहासांत दिसतें. एकास दिलेली सवलत दुसऱ्यानें मागितली. प्रबळ सुलतानांनीं कृपेनें दिलेल्या सनदा दुर्बळ वारसांच्या गळ्यांतील फांस बनल्या. अखेर १९१४ मध्यें तुर्कस्थाननें त्या रद्द केल्या आणि १९२३ च्या लोझानच्या तहानें तें मान्य झालें.

आज वकिलातींस १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा आधार आहे. कॉन्सलाची कचेरी व दप्तर त्या करारानें सुरक्षित आहे. पण यजमान देशाचे कायदे पाळणें हें त्याचें कर्तव्यही त्यांतच लिहिलेलें आहे.