दुय्यम प्रतीची बशी



चिनी मातीची बशी भट्टीत गरजेपेक्षा जास्त तापली, की तिचा तोल जातो. काठ जरासा झुकतो, बूड किंचित फुगतं, गोल आकार पुरता गोल राहत नाही. कारखान्यात असा माल बाजूला काढतात. चांगला माल गवतात गुंडाळून पेटीत जातो आणि हा उरलेला ‘सेकंड’ म्हणून हातगाडीवर येतो, आठवडी बाजारात पोत्यावर मांडला जातो. आपल्यापैकी अनेकांच्या घरात पहिली कपबशी आली ती याच वाटेने. कपाचा कान वाकडा असेल, पण चहा गळत नाही ना? मग चालतंय.

हेला योंगेरियस या डच डिझायनर बाईंनी १९९७ साली असाच माल मुद्दाम बनवायचं ठरवलं. टिखेलार नावाचा जुना डच कारखाना आहे, सोळाव्या शतकापासून मातीकाम करणारा. त्याच्याकडून त्यांनी बशा, वाडगे, कप असा एक संच करून घेतला. साचे व्यवस्थित होते, माती चांगली होती. फक्त भट्टीचं तापमान त्या मातीला सोसेल त्यापेक्षा वर नेलं. प्रत्येक नग आपापल्या परीने वाकला. एक बशी डावीकडे कलली, दुसरीचा काठ लाटेसारखा झाला. शंभर बशा केल्या तर शंभर निराळ्या. संचाचं नाव ठेवलं ‘बी-सेट’. बी म्हणजे दुय्यम प्रत, कारखान्याच्या भाषेतला तोच नाकारलेला माल.

यात धाडस काय आहे ते कळायला चिनी मातीची थोडी हकीकत माहीत हवी. ही माती म्हणजे केओलिन. तिच्यात फेल्डस्पार आणि गारेची पूड मिसळतात. तेराशे अंशांच्या पुढे फेल्डस्पार वितळून काचेसारखा होतो, मातीच्या कणांमधल्या फटी बुजवतो, आणि म्हणून भांडं पाणी शोषत नाही, टिचकी मारली तर वाजतं. पण हीच वेळ घातकी. त्या क्षणी भांडं आतून मऊ झालेलं असतं. थोडी आंच कमी पडली तर कच्चं राहतं, थोडी जास्त झाली तर बसतं. चिनी कुंभारांनी हे गणित हजार वर्षांपूर्वी सोडवलं होतं. युरोपला ते फार उशिरा जमलं. सॅक्सनीच्या सत्ताधीशाने ब्यॉटगर नावाच्या किमयागाराला सोनं करून दे म्हणून जवळजवळ कैदेत ठेवलं होतं. त्याच्याकडून सोनं झालं नाही, पण १७०८ च्या सुमारास चिनी माती झाली, आणि १७१० मध्ये मायसनचा कारखाना निघाला. पांढरं सोनंच म्हणत तिला.

डच लोक त्याआधीच या पांढऱ्या रंगाच्या नादी लागले होते. त्यांच्या कंपनीची गलबतं चीनमधून निळ्या नक्षीची भांडी पेट्या भरभरून नेत. आपल्या वेंगुर्ल्यात ज्यांची वखार होती, तीच ही डच कंपनी. चिनी माल परवडेना, मिळेना, तेव्हा डेल्फ्ट गावच्या कुंभारांनी साध्या मातीवर कथलाचा पांढरा लेप देऊन त्याची नक्कल केली. म्हणजे निर्दोष, शुभ्र, एकसारखी बशी मिळवण्यासाठी ज्या देशाने दोनशे-तीनशे वर्षं खटाटोप केला, त्याच देशातली एक बाई उठते आणि म्हणते, आता मला ही बशी वाकडी हवी.

का हवी? त्यांचं म्हणणं साधं होतं. यंत्राने केलेल्या हजार वस्तू एकसारख्या असतात, म्हणून त्यांतली एकही आपली होत नाही. फुटली तर दुसरी आणतो, रडत कुणी नाही. भांड्यात जरासा दोष असेल तर मात्र ते ओळखीचं होतं.

त्या एकट्या नव्हत्या. १९९३ मध्ये रेनी रामाकर्स या समीक्षक बाई आणि खेइस बाकर हे दागिन्यांचे डिझायनर, या दोघांनी नेदरलँड्समधल्या तरुण मंडळींची कामं एकत्र करून मिलानच्या फर्निचर जत्रेत मांडली. नाव दिलं ‘द्रोग’, म्हणजे डच भाषेत कोरडं. विनोदही कोरडा, साहित्यही कोरडं. त्यांतल्या काही वस्तू सांगतो. पंच्याऐंशी साधे बल्ब, त्यांच्या पंच्याऐंशी वायरी, सगळ्या एका जुडीत बांधून टांगल्या की झालं झुंबर. दाराची घंटा म्हणजे दोन वाइनचे पेले आणि त्यांच्यावर टिणकन आपटणारा छोटा हातोडा. स्पंजचा तुकडा पातळ चिनी मातीत बुडवून भट्टीत घातला. स्पंज जळून गेला, त्याच्या छिद्रांसकट मातीची फुलदाणी उरली. ही शेवटची करामत मार्सेल वांडर्स यांची. त्यांनीच १९९६ मध्ये दोरीला गाठी मारत मारत एक खुर्ची विणली. लुळी पडलेली ती खुर्ची राळेत भिजवून टांगून वाळवली. वाळल्यावर ती कडक झाली, माणूस बसेल इतकी. आमच्याकडे सुतळीची बाज विणणाऱ्याला ही खुर्ची दाखवली असती, तर त्याने आधी गाठी तपासल्या असत्या आणि मग विचारलं असतं, सैल पडली की पुन्हा आवळायची कशी? प्रश्न रास्त आहे. ही खुर्ची आवळता येत नाही.

मला मात्र त्या सगळ्यांत टेयो रेमी यांचं काम जास्त भावतं. १९९१ मध्ये त्यांनी जुने, टाकून दिलेले वीसेक खण गोळा केले. कुठल्या टेबलाचा, कुठल्या कपाटाचा, कुणाच्या ऑफिसातला, कुणाच्या स्वयंपाकघरातला. प्रत्येक खणाला नवी लाकडी पेटी केली, आणि त्या सगळ्या पेट्या एकमेकींवर वाकड्यातिकड्या रचून पट्ट्याने करकचून आवळल्या. खिळा नाही, चौकट नाही. सामानाने लादलेली एसटी दिवाळीत गावी निघते, तसं ते कपाट दिसतं. त्याच्या नावाचा आशय असा, की आठवण खाली ठेवता येत नाही. हे कपाट आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.

त्याच वर्षी त्यांनी चिंध्यांची खुर्ची केली. पंधरा पिशव्या जुने कपडे, थरावर थर, लोखंडी पट्ट्यांनी बांधलेले. विकत घेणाऱ्याला आपलेच जुने कपडे आत घालायची मुभा. हे ऐकून तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही मनात आलं होतं. ही तर आमची वाकळ. आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, पोराची फाटकी चड्डी, सगळं एका धाग्यात धरून माणूस त्यावर झोपतो. आणि जे वाकळीतही बसत नाही ते बोहारणीकडे जातं, त्याच्या बदल्यात स्टीलचा डबा येतो. पण ‘हे आमच्याकडे होतंच’ एवढं म्हणून मान ताठ करण्यात अर्थ नाही. आमच्याकडे ते गरजेतून होतं. बायांनी हातांना सुया टोचून घेत केलं, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. रेमी यांनी ते खुर्ची म्हणून बाजारात उभं केलं आणि खाली आपलं नाव घातलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

नावावरून आठवलं. एकसारखी वस्तू आपली करून घ्यायची आमची एक खास युक्ती आहे. भांड्यावर नाव घालणं. दुकानातून स्टीलचा पेला घेतला, की तिथेच बसलेला कारागीर करकर आवाज करत त्यावर अक्षरं कोरतो. कुणाकडून कुणाला, कुठल्या लग्नात, कोणत्या तारखेला. यंत्राने लाखभर पेले काढले, त्यांतला एक एवढ्यानेच कुणाच्या तरी आत्याचा झाला. ती आत्या गेली तरी पेला घासताना तिचं नाव बोटाला लागतं. भट्टी बिघडवण्यापेक्षा ही युक्ती मला जास्त पटते, कारण तिला खर्च पाच-दहा रुपयांचा.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रत्येक भांडं वेगळं असावं, ओळखू यावं, हे ऐकायला छान आहे. पण ‘वेगळं भांडं’ हे दोन शब्द आपल्या देशात कसे ऐकू येतात, ते त्या डच बाईंना ठाऊक असण्याचं कारण नाही. मी शाळेत असताना एका मित्राच्या घरी जात असे. त्याची आई अतिशय मायाळू. मला पाहिलं की चहा टाकायची, परीक्षेचं विचारायची, जाताना हातावर लाडू ठेवायची. चहा मात्र एका ठरलेल्या कपात यायचा. त्यावर निळं फूल होतं, आणि तो कप घरातल्या मांडणीत नसायचा, पडवीतल्या कोनाड्यात असायचा. चहा पिऊन झाला की मी तो विसळायचो आणि परत तिथेच पालथा घालायचो. कुणी सांगितलं नव्हतं, पण जमून गेलं होतं. सुंदर कप होता तो. घरातल्या इतर कपांपेक्षा कदाचित उजवाच. गावाबाहेरच्या वस्तीतून कामाला येणाऱ्या गड्याचा कप तर कोनाड्यातही नव्हता, कुंपणाच्या खुंटाला अडकवलेला असे.

म्हणून एकसारख्या कपाची माझ्या मनातली किंमत वेगळी आहे. तालुक्याला एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात पहिल्यांदा गेलो, तेव्हा पोऱ्याने पाण्यात बुडवून काढलेला ग्लास पुढ्यात आदळला. तो माझ्याआधी कुणी तोंडाला लावला होता आणि माझ्यानंतर कुणाच्या तोंडाला लागणार होता, हे त्याला माहीत नव्हतं, मला नव्हतं आणि कुणालाच नव्हतं. जाड काचेचा, उभ्या रेघांचा, शंभरातला एक. त्या ग्लासाला काहीही ओळख नव्हती, हेच मला आवडलं. जर्मनीतल्या बाउहाउस शाळेने, १९१९ ते १९३३ या काळात, यंत्राला साजेशा साध्या वस्तू सर्वांसाठी बनवायचं स्वप्न पाहिलं. पुढे लोकांना त्या वस्तू थंड वाटल्या, कंटाळवाण्या वाटल्या. द्रोगवाल्यांचं बंड त्या थंडपणाविरुद्ध होतं आणि ते मला समजतं. पण एकसारखेपणाचा कंटाळा येण्यासाठी तो आधी मिळालेला असावा लागतो.

याचा अर्थ योंगेरियस यांचं काम मला नावडतं असा नाही. उलट त्यांच्या संचात एक गोष्ट मोठी आहे. त्यात सगळ्याच बशा वाकड्या आहेत. दहा सरळ बशांमध्ये एक वाकडी ठेवली की ती कुणाच्या तरी वाट्याला येते, आणि कुणाच्या येते ते आपल्याला माहीत आहे. सगळ्याच वाकड्या असल्या की पंगतीत कुणी वेगळा उरत नाही.

तक्रार आहे ती किमतीची. जो दोष हातगाडीवर चार आण्यांत मिळायचा, तो सही करून मांडला की श्रीमंताच्या घरीच जातो. योंगेरियस यांना हे कळत असावं. २००५ मध्ये त्यांनी आयकिया या स्वस्त फर्निचरच्या मोठ्या कंपनीसाठी चार फुलदाण्या केल्या. आकार एकच, माती मात्र चार जातींची, आणि नक्षीत हाताचं काम. लाखोंच्या उत्पादनात हाताचा माग ठेवता येतो का, हे पाहण्याचा तो प्रयोग होता. तो प्रयोग मला बी-सेटपेक्षा अवघड वाटतो.

वस्तूकडे पाहावं कसं याचा एक धडा परक्या माणसांनी आपल्यालाही दिलेला आहे. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे एम्स हे अमेरिकन जोडपं भारतभर फिरलं आणि सरकारला अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वांत जास्त गौरवली ती वस्तू म्हणजे आपला लोटा, तांब्या म्हणा. तो कुणा एकाने घडवला नाही, पिढ्यांनी घडवला, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी प्रश्न काढले. पाणी किती मावावं, ते डोक्यावर, कमरेवर की हातात न्यायचं, भरलेला असताना तोल कुठे, रिकामा असताना कुठे, ओतताना धार कशी पडते, मोडीत किंमत काय येते. आणि दगडावर ठेवला तर आवाज कसा होतो, हेसुद्धा.

योंगेरियस यांचं एक सुरुवातीचं काम आहे, १९९३-९४ मधलं. जुन्या उत्खननात सापडावा असा घाटदार कलश, पण मऊ रबराचा. साच्याची शिवण अंगावर तशीच ठेवलेली. दिसतो हजार वर्षांचा, हातात घेतला की दबतो. मी त्याचं चित्रच पाहिलं आहे, पण जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा एकच विचार येतो. हा ओट्यावरून पडला तर फुटणार नाही, पोचा येणार नाही, आणि शेजारच्या खोलीतून कुणी ‘काय पडलं गं?’ असं विचारणारही नाही.