वाणावर नाव कुणाचं?



चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम दीड एकराचे धनी. शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३च्या सुमारास ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत काही लोंब्या त्यांना निराळ्या वाटल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुढच्या हंगामात पुन्हा निवडल्या. अशा निवडीतून बारीक दाण्याचा, चांगला उतारा देणारा वाण हाती आला. व्यापाऱ्यांनी त्याला तेव्हाच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचं नाव दिलं : एचएमटी.

बियाणं हातोहात पसरलं, पैसा दादाजींकडे फिरकला नाही. पुढे याच वाणाचं शुद्ध केलेलं रूप कृषी विद्यापीठाकडून प्रसारित झालं आणि श्रेयावरून वाद उभा राहिला. २००५मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१८मध्ये ते गेले.

दादाजी लोंब्या निवडत होते तेव्हा पैदासकाराला हक्क देणारा कायदाच देशात नव्हता. आपल्याकडे बियाण्याला पेटंट मिळत नाही. त्याऐवजी २००१मध्ये वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असेल तर त्याची नोंदणी होते. हंगामी पिकांना १५ वर्षं, झाडं आणि वेलींना १८ वर्षं संरक्षण मिळतं. अर्जदार कंपनी असो, विद्यापीठ असो वा शेतकरी, दार सगळ्यांना उघडं आहे. शिवाय कलम ३९ शेतकऱ्याला घरचं बियाणं राखण्याची, पेरण्याची, देण्याघेण्याची आणि विकण्याचीही मुभा देतं. फक्त ब्रँडचं नाव लावून ते विकता येत नाही.

या कलमाची कसोटी २०१९मध्ये गुजरातेत लागली. चिप्ससाठीच्या बटाट्याचा नोंदणीकृत वाण लावला म्हणून पेप्सिकोनं शेतकऱ्यांवर दावे ठोकले. काहींकडून प्रत्येकी कोटीहून अधिक भरपाई मागितली. गदारोळ झाला, दावे मागे घेतले गेले. २०२१मध्ये या कायद्याखाली नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणानं त्या वाणाची नोंदणीच रद्द केली. २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं तो निर्णय फिरवला.

या लढाईत कीस निघाला तो अर्जातल्या तपशिलांचा : वाण पहिल्यांदा विकला कधी, हक्काची कागदपत्रं पुरी आहेत का. कंपनीच्या हाताशी वकिलांची फौज असते. दीड एकरवाल्याकडे साधी नोंदवहीही नसते.

आज पदवी घेणाऱ्यांपैकी कुणी कृषी विज्ञान केंद्रात जाईल, कुणी बियाणे कंपनीत, कुणी तालुक्याच्या कृषी कार्यालयात. शेतकऱ्याकडून मूठभर नमुना घेताना त्याचं नाव, गाव, मूळ वाण आणि निवड सुरू केल्याचं वर्ष लिहून घ्यावं, त्याची एक प्रत त्याच्या हाती ठेवावी. शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणी शुल्क माफ आहे. अर्ज भरून द्यायला जाणकार माणूस हवा असतो, आणि तशी बरीच माणसं आज या सभागृहात बसली आहेत.