अपेलीजची गुणग्राहकता



ज्या चित्रकाराविषयी आज आम्ही बोलणार आहोत, त्याचे एकही चित्र आपणांस दाखविता येणार नाही. कारण ते जगात कोठेच उरलेले नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील हा ग्रीक चित्रकार अपेलीज. याच्याखेरीज दुसऱ्या कोणी आपले चित्र रंगवू नये, असा हुकूम अलेक्झांडरने काढला होता, असे रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो. प्लिनीने हे लिहिले ते सुमारे चारशे वर्षांनंतर. तेव्हा त्याच्या कथा थोड्या जपूनच घ्याव्या लागतात. तरीही अपेलीजचा लौकिक काय होता, हे त्यांतून कळते.

ऱ्होड्स बेटावर प्रोटोजेनीस नावाचा चित्रकार राहत असे. त्याचे काम पाहण्यासाठी अपेलीज मुद्दाम तेथे गेला. प्रोटोजेनीस घरी नव्हता. एक म्हातारी कोऱ्या फळीची राखण करीत होती. ‘कोण आले होते म्हणून सांगू?’ असे तिने विचारताच अपेलीजने कुंचला उचलून फळीवर एक अतिशय बारीक रेघ ओढली. प्रोटोजेनीसने परतल्यावर रेघेवरूनच माणूस ओळखला, आणि तिच्यावर दुसऱ्या रंगाने अधिक बारीक रेघ ओढून तो निघून गेला. अपेलीज पुन्हा आला. त्याने तिसऱ्या रंगाने दोन्ही रेघा चिरल्या. तेव्हा हार मानून प्रोटोजेनीस पाहुण्याला शोधीत बंदराकडे धावला. ती फळी पुढे रोममध्ये राजवाड्याच्या आगीत जळाली.

आम्हांस अधिक मोलाची वाटते ती दुसरी कथा. प्रोटोजेनीसला त्याच्या गावात किंमत नव्हती. अपेलीजने त्याच्या चित्रांचा भाव विचारला, तेव्हा त्याने क्षुल्लक आकडा सांगितला. अपेलीजने प्रत्येकी पन्नास टॅलेंट देऊ केले. अथेन्सच्या मापाने एक टॅलेंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी! शिवाय ‘ही चित्रे अपेलीज स्वतःची म्हणून विकणार’ अशी आवई त्याने उठवून दिली. मग ऱ्होड्सकर जागे झाले. पण भाव वाढवून दिल्यावाचून चित्रे त्यांच्या हाती लागली नाहीत.

हा प्रोटोजेनीस इतर बाबतींत आपल्या तोडीचा किंवा सरसच आहे, फक्त चित्रावरून हात केव्हा उचलावा हे आपल्याला अधिक कळते, असे अपेलीज म्हणे. प्रतिस्पर्ध्याला एवढे देणारा माणूस आपल्या कलेविषयी निःशंक असला पाहिजे.

ऱ्होड्सकरांना हसणे सोपे आहे. आपल्या गावातला गुणी माणूस, बाहेरचा कोणी सांगेपर्यंत आपण ओळखतो काय, हे ज्याचे त्याने घरी जाताना मनाशी पाहावे.