मोर्चा कुणाचाही असो, कायदा एकच असावा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीत साचावर उभं राहून आयुष्य काढलेली माणसं. शाळा थोडी, वाचन पाळी सुटल्यावरचं. त्यातलं कामाचं तेवढं मांडतो.

वस्तीतली पोरं विचारतात, "काका, द्वेषाच्या घोषणा देणाऱ्या मोर्चांवर सरकार सरसकट बंदी का घालत नाही?" प्रश्न रास्त आहे. मराठवाड्याने जमावाची आग भोगली आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठ नामांतराचा ठराव केला आणि आपली घरं जळाली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे मारले गेले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

पण बंदीचं हत्यार कुणाच्या हाती असतं? १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांनी दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च नेला, तेव्हा अटका आपल्याच माणसांना झाल्या. शेजारच्या परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागलं, जमावबंदी आली, धरपकड झाली. पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. जमावबंदीचा कायदा निळा-भगवा पाहत नाही म्हणतात. राबवणारा मात्र पाहतो.

संविधानाचं कलम १९ शांततेनं, विनाशस्त्र जमण्याचा हक्क देतं आणि सुव्यवस्थेसाठी वाजवी निर्बंधही घालू देतं. वाजवी म्हणजे काय? फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या सकल हिंदू समाजाच्या कार्यक्रमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज गेला. न्यायालयाने सरसकट बंदी घातली नाही. परवानगी दिलीच तर द्वेषाचं भाषण होणार नाही अशी अट घाला, चित्रीकरण करा, असं सांगितलं. २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना बजावलं की द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा. आम्हाला ही वाट पटते. रस्ता सर्वांना खुला, आग लावणाऱ्याला शिक्षा.

बाबासाहेबांनी हीच शिस्त दाखवली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला हजारो लोक सत्याग्रहाला जमले असताना कोर्टाचा मनाई हुकूम होता. लोकांचं रक्त तापलेलं होतं. तरी बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि लढाई कोर्टात नेली. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. दहा वर्षं गेली, पण तळ्याचा हक्क कायद्यानं पक्का झाला.

मग आपण काय करायचं? असा मोर्चा येणार हे कळलं की ठाण्यात लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. चित्रीकरण मागायचं, विहारासमोर बंदोबस्त मागायचा. विखारी भाषण झालं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्ह्याची मागणी करायची. आणि पोरांनो, त्या दिवशी हातात दगड नको. दगड एकजण मारतो, केस साऱ्या वस्तीवर होते. मग आई-बाप तारखांना खेटे घालतात.

आज त्यांच्या मोर्चासाठी आपण जो हक्क मोडायला सांगू, तो उद्या आपल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीला उरणार नाही. एवढं ध्यानात ठेवा.

नमो बुद्धाय! जय भीम!