वंशावळीची वही



गोमातेचा गौरव आपण पुष्कळ करतो. आज तिच्या वंशावळीच्या वहीविषयी बोलू. आपल्या भूमीतून गेलेल्या गीर, ओंगोल, कांकरेज या गुरांची वंशनोंद ब्राझीलमधील उबेराबा येथील पशुपालकांनी १९१९ साली सुरू केली. १९३४ मध्ये त्यांनी त्रिअँग्युलो मिनेइरो प्रदेशाची संस्था उभारली. १९३८ पासून या नोंदीला सरकारी मान्यता मिळाली. १९६७ मध्ये त्याच जुन्या संस्थेचे रूपांतर अखिल ब्राझील संघटनेत झाले. नुसती पाटी बदलली असे कोणी समजू नये. प्रदेशाची मर्यादा गेली, पण वही तीच राहिली. संस्थेचे तज्ज्ञ जनावर स्वतः पाहून नोंद करतात. आज ब्राझीलच्या मांसोत्पादक गुरांत ओंगोल रक्ताची ‘नेलोरे’ जात सर्वांत मोठी आहे. त्यांचा हेतू व्यापाराचा, आपला नाही. परंतु शिस्त कोणाकडूनही घ्यावी.

आपल्याकडे बाजारात खिल्लार खोंडाचा बाप कोणता, असे विचारून पाहा. उत्तर बहुधा तोंडीच मिळते! देवणी, डांगी यांचीही तीच कथा. म्हणून जुन्या पशुपालक मंडळाचे पुनरुज्जीवन करताना नव्या कार्यकारिणीने पहिल्याच बैठकीत वळूंची नोंद हाती घ्यावी.