घरशाळा, सणवार आणि मुलांचे विज्ञान

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी एका सभासद-भगिनीने केलेले भाषण)



आज ज्यांचा गौरव झाला त्या सर्व विद्यार्थ्यांचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करते. ह्या व्यासपीठावरून आजवर नामवंत प्राध्यापक, वकील आणि वैद्य बोलून गेले. त्यांच्या मालिकेत मजसारख्या गृहिणीस उभे करण्याचे औदार्य चिटणीसांनी दाखविले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. विषयही त्यांनीच सुचविला. “तुमची तिन्ही मुले शाळेत जात नाहीत, मग ती दिवसभर करतात तरी काय, हे एकदा सर्वांसमोर सांगून टाका,” असे ते म्हणाले. प्रश्न रास्त आहे. गेली आठ वर्षे लग्नकार्यात, हळदीकुंकवास आणि आगगाडीच्या डब्यातही तो मला विचारला जात आहे.

घरी शिक्षण घेणे ही आपल्याकडे अगदी नवीन गोष्ट नव्हे. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकविले ते त्यांच्या मातोश्री लक्ष्मीबाईंनी, आणि लक्ष्मीबाईंना शिकविले ते त्यांच्या पतीने, अनंतशास्त्री डोंगरे यांनी. त्याच शिदोरीवर १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ ही पदवी दिली. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांच्या अभ्यासाचा पाया गोपाळरावांनी घरीच घातला होता. तथापि ही उदाहरणे देताना एक भेद विसरता कामा नये. त्या काळी मुलींस शाळेची वाट जवळजवळ बंद होती, म्हणून घर हाच एक मार्ग उरला होता. आज शाळा दारापर्यंत आली असताना जो घरी शिकवू म्हणतो, त्याची जबाबदारी त्यामुळे कमी न होता उलट वाढते.

कायद्याविषयीही स्पष्ट सांगितले पाहिजे. मुलांच्या शिक्षणहक्काचा २००९ सालचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास विनामूल्य शिक्षण मिळवून देणे हे त्याने शासनाचे कर्तव्य ठरविले, आणि मुलास शाळेत घालणे हे पालकांचेही कर्तव्य म्हटले. मात्र घरी शिकविणाऱ्या पालकास दंड सांगणारे कलम त्यात नाही. पुढील परीक्षांच्या वाटा मोकळ्या आहेत. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय स्थापन झाले. २००२ साली त्याचे नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था असे झाले. तेथे माध्यमिक परीक्षेस वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि पाच वर्षांच्या मुदतीत एकेक विषय आपल्या तयारीनुसार देता येतो. आपल्या राज्यमंडळाच्या दहावीस बाहेरून बसण्याचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ तर आपणांपैकी कित्येकांस ठाऊक असेल.

आता घराविषयी. थोरली कन्या चौदा वर्षांची, मधला मुलगा अकरा वर्षांचा व धाकटी सातची. आम्ही पुण्यास राहतो. यजमानांची नोकरी आहे आणि सासूबाई आमच्यातच असतात. सकाळी दोन तास गणित व भाषा, दुपारी वाचन, सायंकाळी मैदान, एवढा क्रम आम्ही मोडीत नाही. बाकीचा दिवस घराच्या कामांत जातो, आणि शिक्षणाचा मोठा भाग मला तेथेच दिसतो. भाजणीचे प्रमाण दीडपट करावयाचे म्हणजे अपूर्णांक आलेच. थंडीच्या दिवसांत विरजण लागत नाही आणि उन्हाळ्यात आंबून जाते, यावरून जिवाणूंस ऊब किती लागते याचा धडा सुरू होतो.

मुलांच्या प्रगतीची नोंद कशी ठेवता, असेही विचारले जाते. आमच्याकडे प्रगतिपुस्तक नाही. एक जाड वही आहे. धाकटीने दुकानाची पाटी प्रथम स्वतःहून वाचली तो दिवस, मधल्याने भाजीवाल्याशी हिशेब करून उरलेले पैसे बिनचूक परत आणले तो दिवस, थोरली एकटीच एसटीने मावशीकडे गेली तो दिवस, अशा नोंदी तीत तारखेसह आहेत. प्रत्येक नोंदीच्या दिवशी घरी काही गोड होते. कोणास हे पोरखेळ वाटतील; परंतु मुलांस त्यावरून एवढे कळते की वाढणे ही आनंदाची गोष्ट असून ती परीक्षेच्या निकालापुरती नाही.

सणांनी आम्हांस जे शिकविले त्याचे एकच उदाहरण देते. संक्रांतीस सूर्य उत्तरेकडे वळतो, असे सासूबाईंनी सांगितले. मधल्याने लगेच विचारले, “वळतो हे कशावरून कळते?” तेव्हा गच्चीवर एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने उभी केली, आणि नोव्हेंबरपासून दर रविवारी तिची मध्यान्हीची सावली मोजण्यास आरंभ झाला. पहिला धडा असा मिळाला की घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा हे एक नव्हेत. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लाविलेले, आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेस. म्हणून त्या दिवसांत पुण्यास खरी मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर होते. दुसरा धडा याहून मोठा होता. सावली लांबत लांबत २२ डिसेंबरच्या सुमारास जवळजवळ नव्वद सेंटिमीटर भरली, आणि १४ जानेवारीस पाहतो तो ती चौऱ्याऐंशीवर उतरलेली! सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच वळला होता.

“म्हणजे पंचांग चुकले काय?” असे सासूबाईंनी जरा रुसूनच विचारले. पंचांग चुकलेले नाही. ते सूर्याचा मकर राशीतील प्रवेश ताऱ्यांच्या चौकटीत मोजते, आणि पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे अतिशय मंदगतीने डुलत असल्यामुळे ही चौकट ऋतूंच्या तुलनेने सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस सरकते. कित्येक शतकांपूर्वी हे दोन्ही दिवस एकत्र येत असत. हे ऐकून सासूबाईंचे समाधान झाले. तिळगूळ तर १४ जानेवारीसच वाटला. पुढे मे महिन्याच्या मध्यास तीच काठी बिनसावलीची उभी राहिली, तेव्हा आळीतील वीसएक मुले आमच्या गच्चीवर जमली होती. असा शून्य सावलीचा दिवस पुण्यामुंबईकडे वर्षातून दोनदा येतो आणि दिल्लीस कधीच येत नाही, याचे कारण मुलांनी पृथ्वीचा गोल हाती घेऊन परस्परांस समजाविले.

आता स्पर्धांकडे वळते. १९८१ पासून मुंबईच्या विज्ञान शिक्षकांची संघटना सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेत आली आहे. लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत अशा पायऱ्यांमुळे नुसत्या पाठांतराचा तेथे निभाव लागत नाही. मात्र तिची रचना इयत्तांवर व शाळांवर उभी असल्याने आमच्यासारख्यांस तेथे वाट काढणे अवघड जाते. याउलट १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत दहा ते सतरा वर्षांची मुले, शाळेत जाणारी व न जाणारीही, आपल्या परिसरातील प्रश्नावर प्रकल्प मांडू शकतात. आमच्या थोरलीने शेजारच्या मैत्रिणीस बरोबर घेऊन अशाच एका स्थानिक मेळाव्यासाठी प्रकल्प केला, तो गणेशमूर्तींच्या विसर्जनाविषयी.

दोघींनी पाव किलो वजनाच्या, न रंगविलेल्या दोन मूर्ती आणल्या, एक शाडूची व एक प्लास्टरची, आणि वीस-वीस लिटर पाण्याच्या बादल्यांत ठेविल्या. शाडूची मूर्ती त्याच दिवशी ढासळून तळाशी गाळ झाला. प्लास्टरची तीन आठवड्यांनंतरही बसलेलीच. कारण पुस्तकात सापडले. प्लास्टर पाणी पिऊन घट्ट झाले की त्याचे जिप्सम होते, आणि जिप्सम एक लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. पाव किलोस शंभर लिटरहून अधिक पाणी हवे; बादलीत होते वीस. तिसऱ्या बादलीत त्यांनी, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने लोकांपुढे ठेविलेल्या रीतीप्रमाणे, अमोनियम बायकार्बोनेट घातले. त्यात जिप्समचे रूपांतर होऊन तळाशी चुन्याचा साका राहतो, आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरते, जे शेतकरी खत म्हणून वापरतात.

परीक्षकांनी सर्व ऐकून एकच प्रश्न केला, “हा प्रयोग किती वेळा केला?” “एकदा,” असे उत्तर गेले. बक्षीस मिळाले नाही. घरी येताना थोरली एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने स्वतःच यादी केली: प्रत्येक प्रकारच्या तीन मूर्ती, एकाच नळाचे पाणी, रोज एकाच वेळी वजन. पुढील वर्षी तो प्रकल्प वरच्या फेरीस गेला. परंतु मला विचाराल तर तिचे शिक्षण पहिल्या वर्षीच्या त्या एका प्रश्नात झाले. अनोळखी, नि:पक्षपाती आणि जाणकार माणसाने विचारलेला प्रश्न आईबाप कितीही शिकलेले असले तरी विचारू शकत नाहीत. घरी शिकणाऱ्या मुलांस स्पर्धा हव्यात त्या ह्यासाठी.

येथवर ऐकून कोणाची अशी समजूत होऊ नये की मी शाळांच्या विरुद्ध आहे, किंवा सर्वांनी मुलांची नावे शाळेतून काढावीत असा माझा आग्रह आहे. ह्या मार्गास घरातील एका माणसाचा सगळा दिवस लागतो, आणि बहुतेक घरी एका पगारावर पाणी सोडावे लागते. समवयस्कांची संगत मुद्दाम मिळवून द्यावी लागते. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मुलीने शाळा सोडून घरी अभ्यास केला, आणि संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये भारतासाठी तीन पदके आणली. तरीही बारावीचा दाखला नसल्यामुळे तिला आयआयटीत प्रवेश मिळण्यासारखा नव्हता. २०१६ साली अमेरिकेतील एमआयटीने तो दिला. हे उदाहरण अभिमानाचे खरे, परंतु एका मुलीच्या यशावरून शेकडो मुलांचा मार्ग आखू नये.

सर्वांत मोठा धोका सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. घरी शिकविणे आणि घरी बसविणे ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. धाकट्या भावंडांस सांभाळावयास, स्वयंपाकास हातभार म्हणून, किंवा वयात आली म्हणून मुलीचे नाव शाळेतून काढावयाचे, आणि वर ‘आम्ही घरीच शिकवितो’ असे म्हणावयाचे, हे आपल्या कोणत्याही घरात घडता कामा नये. जेथे वही नाही, वेळापत्रक नाही आणि पुढील परीक्षेची तयारी नाही, तेथे घरशाळा नाही, असे मी आज सर्वांसमक्ष म्हणते.

आता संस्थेपाशी माझी विनंती. तीन वर्षांपूर्वी थोरलीसाठी आम्ही संस्थेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. त्यातील ‘शाळेचे नाव’ हा रकाना कोरा राहिला, म्हणून अर्ज परत आला. नियम तसा होता आणि चिटणीसांनी तो पाळला. माझी तक्रार नाही. परंतु तो नियम ज्या काळी झाला त्या काळी शिक्षण म्हणजे शाळा एवढेच समीकरण होते. आज आपल्या सभासदांत मुक्त विद्यालयातून परीक्षा देणारी मुले आहेत, आजारपणामुळे शाळा सुटलेली आहेत, नोकरी करून सतरा नंबरच्या फॉर्मवर बसणारी आहेत. त्यांच्या गुणपत्रिका शासनमान्य असताना आपल्याच घरी त्या अमान्य ठराव्यात, हे संस्थेच्या लौकिकास शोभत नाही. त्या रकान्यात ‘शाळा अथवा परीक्षामंडळ’ एवढे दोन शब्द वाढविले तरी काम भागेल.

दुसरी विनंती ह्याच सभागृहाविषयी. रविवारी सकाळी ते बहुधा रिकामे असते. तेथे महिन्यातून एकदा मुलांची प्रयोगसभा भरवावी. महागडी उपकरणे नकोत. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञानशिक्षणाच्या कार्यातून, आणि अरविंद गुप्तांच्या खेळण्यांतून, काडेपेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब एवढ्यावर भूमिती शिकविता येते हे सिद्ध झाले आहे. १९६६ पासून काम करणारी मराठी विज्ञान परिषद व १९७४ साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ह्यांचे साहित्यही हाताशी आहे. पहिली सभा २८ फेब्रुवारीस, राष्ट्रीय विज्ञानदिनी, भरवावी. गावाकडील जिल्हा परिषदेच्या शाळेतील आपली मुले सुटीत येतील, त्यांस प्रथम स्थान द्यावे. आणि शेजारपाजारच्या मुलांस, ती कोणत्याही ज्ञातीची असोत, आत यावयास मज्जाव नसावा. आमच्या थोरलीचा प्रकल्प निम्मा तिच्या मैत्रिणीचा आहे, आणि ती मैत्रीण ह्या संस्थेची सभासद नाही.

आपल्या पूर्वजांनी पै-पैसा जमवून ही वास्तू उभारली ती मुलांच्या शिक्षणासाठी. त्यांनी वसतिगृह काढले तेव्हा खेड्यातून येणाऱ्या मुलास डोक्यावर छप्पर हवे होते. आजच्या मुलास प्रश्न विचारणारा परीक्षक आणि उत्तर शोधावयास सोबती हवे आहेत. कार्यकारी मंडळाने वार्षिक सभेपुढे हे दोन ठराव आणावेत. पहिल्या प्रयोगसभेसाठी काठी, ओळंबा आणि वीस लिटरच्या तीन बादल्या आमच्या घरून येतील.