बाण कुठे लावायचा?

सेमिनरी हिल्सवर डोंगरी सायकल शर्यतीची वाट मी पहिल्यांदा आखली, तेव्हा प्रत्येक वळणावर एकेक बाण लावून मोकळा झालो. शर्यतीत एक मुलगा उतारावरून भरधाव आला, बाण दिसेपर्यंत पुढे गेला आणि भलत्याच पायवाटेनं थेट डांबरी रस्त्यावर उतरला. रस्ता रिकामा होता, म्हणून निभावलं. शर्यत संपते तिथं त्याची आई उभी होती. तिला मी काय सांगितलं असतं?

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची रीत साधी आहे. फाट्याच्या १० मीटर आधी एक बाण, फाट्यावर दुसरा आणि १० मीटर पुढे तिसरा. हा तिसरा आपण बरोबर वाटेवर आहोत, ही खात्री देण्यासाठी. नवखे आयोजक नेमका तोच विसरतात. चुकीच्या वाटेवर फुली. खाली रोखलेले तीन बाण म्हणजे जागा फार धोक्याची.

आपल्याकडे काळ्या दगडाचे सुटे गोटे चाकाखाली घरंगळतात, पावसाळ्यानंतर गवत पाट्या झाकून टाकतं. म्हणून शर्यतीच्या पहाटे सगळी वाट मी स्वतः सायकलवरून फिरतो. रंगीत फिती तर रात्रीतून कुणी ना कुणी सोडून नेतंच. जास्तीच्या खिशात ठेवतो.